‘एम. व्ही. एलिझाबेथ’ खटला : जहाज सापडेल तेथे न्याय?

सागरी व्यापारातील वाद कोणत्या न्यायालयात चालवावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु अनेकदा दाद मिळणार की नाही, हेच त्यावर ठरते. ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ खटला याचे बोलके उदाहरण होय.

गोव्यातील एका निर्यातदार कंपनीचा माल घेऊन हे परदेशी मालकीचे जहाज फेब्रुवारी १९८४ मध्ये बिल ऑफ लेडिंग न देताच मुरगाव बंदरातून निघून गेले. खरेदीदाराने किंमत चुकती केली नव्हती. माल देऊ नये अशी सूचना असतानाही तो परदेशी बंदरात त्याच्या स्वाधीन करण्यात आला. एप्रिलमध्ये जहाज विशाखापट्टणमला येताच आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते अटकावून ठेवण्यात आले. जहाजमालकांचा आक्षेप असा की, १८६१ चा ब्रिटिश कायदा बंदरात आणलेल्या मालापुरताच आहे. बाहेर नेलेल्या मालाविषयीचा दावा त्यात बसत नाही. शिवाय १८९० च्या कायद्याने भारतीय न्यायालयांचा सागरी अधिकार त्याच मर्यादेत गोठवला आहे. उच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

इंग्लंडने स्वतः ओलांडलेल्या मर्यादा स्वतंत्र भारताने पाळाव्यात, हा युक्तिवाद न्या. थॉमेन यांनी नाकारला, हे या निकालाचे मोठे यश आहे. अन्यथा गोव्यातील निर्यातदाराला जहाजमालकामागे परदेशी न्यायालयांत फिरावे लागले असते. तथापि, निकालाची भिस्त उच्च न्यायालयांच्या अंगभूत व अमर्याद अधिकारांवर आहे. भारताने न स्वीकारलेल्या १९५२ च्या आंतरराष्ट्रीय कराराची तत्त्वेही आधारास घेतली गेली. त्यामुळे दार उघडले. परंतु कोणते दावे आत येतात, याची निश्चित यादी मिळाली नाही. ते काम संसदेचे होते, आणि त्यास तब्बल पंचवीस वर्षे लागली.

१ एप्रिल २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या कायद्याने वसाहतकालीन कायदे रद्द केले, सागरी दाव्यांची यादी दिली आणि ठरावीक उच्च न्यायालयांना आपापल्या सागरी हद्दीपुरता अधिकार दिला. अनिश्चितता घटली, हे खरे. मात्र अटकेसाठी जहाज त्या हद्दीत असावे लागते. म्हणजे दाद कोठे मागायची, हे आजही बरेचसे जहाजाच्या वाटेवरच अवलंबून आहे. जहाजाचा मागोवा घेण्याची ऐपत नसलेल्या छोट्या निर्यातदाराच्या दृष्टीने ‘एलिझाबेथ’ने दिलेले आश्वासन म्हणूनच अपुरे राहते.