चाल हेही भाष्यच

कवितेला चाल लावणे म्हणजे तिच्यावर भाष्य करणेच होय. कन्नड भावगीतांचे स्वररचनाकार सी. अश्वत्थ (१९३९–२००९) यांचे कार्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बंगळुरूच्या दूरध्वनी-यंत्रांच्या कारखान्यात नोकरी करीत त्यांनी ही साधना केली. के. एस. नरसिंहस्वामींच्या ‘मैसूर मल्लिगे’ (१९४२) या संग्रहातील दांपत्यप्रेमाला त्यांनी हळुवार स्वर दिले; शिशुनाळ शरीफांच्या (१८१९–१८८९) तत्त्वपदांना मात्र लोकगीताचा मोकळा ठेका आणि आपला भरदार आवाज दिला. कवी पालटला की चालही पालटावी, हा विवेक त्यांच्या ठायी निश्चित होता.

तथापि एक शंका उरते. शरीफांची पदे आपल्या भारुडांच्या जातीची. वरून कोडे, आत अध्यात्म. १९९०च्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटातून ती घरोघरी गेली खरी, परंतु ठेक्यावर डोलणारा श्रोता कोड्यापाशीच थांबतो. हा दोष चालीचा नव्हे. भाष्यालाच मूळ ग्रंथ मानणाऱ्या आपल्या आळसाचा आहे. मराठी भावगीतांच्या बाबतीतही आपण हेच करतो. म्हणून अध्यापकाने वर्गात गीत अवश्य ऐकवावे; मग चाल बाजूस ठेवून तेच पद सावकाश वाचावे.