दुदुकमागचा दुसरा वादक

आर्मेनियन लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांच्या मेळाची कृती आता पाठ झाली आहे. सिंथेसायझरचा लांबलचक सूर, त्यावर दुदुकची उदास फुंकर, मिनिटभराने खालून सरकत येणारा ठेका. ऐकायला गोड, पण दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

या साच्याचे मूळ मात्र चांगल्या कामात आहे. दुदुकवादक जिवान गास्पार्यान यांची १९८३ ची सोव्हिएत ध्वनिमुद्रिका ब्रायन ईनो यांनी १९८९ मध्ये पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे आणली. त्याच वर्षी पीटर गॅब्रिएल यांनी ‘पॅशन’ या ध्वनिमुद्रिकेत दुदुकला तालवाद्ये आणि सिंथेसायझर यांच्यात मानाने बसवले. मग २००० साली ‘ग्लॅडिएटर’ हा चित्रपट आला आणि कुठलेही वाळवंट, कुठलेही प्राचीन साम्राज्य दिसले की दुदुक वाजू लागले. जर्दाळूच्या लाकडाचे हे वाद्य दुःखाचा तयार मसाला झाले.

यात गळाले ते महत्त्वाचे. परंपरेत दुदुकवादक दोन असतात. एक धून वाजवतो, दुसरा ‘दाम’ म्हणजे आधारस्वर अखंड धरतो, आपल्याकडे सनईमागे सूर धरतात तसा. स्टुडिओत पहिली गदा या दुसऱ्यावर येते. त्याचे काम एक दाबून ठेवलेली कळ करते. पण दोन पत्त्यांच्या वाद्यांचे सूर जुळता जुळता किंचित थरथरतात, त्यातच तर धुनेचा जीव असतो. कळ थरथरत नाही. शिवाय वादक ओठांनी चढवतो-उतरवतो त्या स्वरांना कीबोर्डच्या बारा समान पायऱ्यांवर कोंबले जाते.

म्हणून शुद्धतेचा कैवार घ्यावा, असे नाही. ज्या कोमितास यांनी गावोगावची गाणी जमवली, त्यांचे शिक्षण बर्लिनमध्येही झाले होते. पियानोसाठी लिहिलेल्या नृत्यांत त्यांनी लोकवाद्यांची नक्कल मागितली. मेळ तेव्हाही होताच, फक्त नवे यंत्र वाद्याकडून शिकत होते.

पियानोवादक तिग्रान हमास्यान यांच्या ‘आत्मोस्फेर’ या ध्वनिमुद्रिकेत (२०१६) हेच शिकणे पुन्हा ऐकू येते. पियानो, ट्रम्पेट आणि गिटार वाजत असतानाच यान बांग ते सूर पकडून, उलटसुलट करून परत सोडतात. कोमितास यांच्या धुना त्यात विरघळतात, पण बुडत नाहीत. इथे इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे चौथा ऐकणारा वादक. कॅलिफोर्नियातल्या लारा सार्किस्यान यांची वाट वेगळी. त्या आर्मेनियन ध्वनींचे तुकडे करून क्लबच्या तालात असे रुतवतात की हळहळायला सवडच मिळत नाही. मला हा उद्धटपणा आवडतो.

बाकी बहुतेकांना दुदुकपलीकडे काही दिसत नाही. झुर्ना, ढोल, कानोन, कमांचा. दहा मात्रांचे, सहा मात्रांचे नाच. हे सगळे जवळपास अस्पर्शितच. नाचणारा आर्मेनिया कुणालाच नको आहे, रडणारा हवा आहे.

आणि ज्यांनी तो नाचवला त्यांची गणतीच होत नाही. ‘रबीझ’ ही लग्नांतल्या, उपाहारगृहांतल्या गाण्यांची शैली सोव्हिएत काळापासून चालत आली, पुढे कीबोर्ड आणि यांत्रिक तालावर बिनदिक्कत स्वार झाली. राजधानी येरेवानमधला सुशिक्षित वर्ग तिला गावंढळ म्हणून नाक मुरडतो. तिच्यात कचरा पुष्कळ आहे, पण यंत्र आणि परंपरा यांचा संसार तिथे अनुदानाशिवाय, महोत्सवाशिवाय, वऱ्हाड्यांच्या फर्माइशीवर चालू आहे.