हस्तलिखिताचा पूर्वपक्ष

कादंबरी लिहून झाली की लेखक सांगतो, 'आता फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिलाय.' हा शेवटचा हात म्हणजे नेमकं काय, ते आज आपण पाहू. शुद्धलेखन, पुनरुक्ती, पाल्हाळाची काटछाट, हे सगळं करायलाच हवं. पण ती झाली झाडलोट. घराचा आराखडाच चुकला असेल तर झाडू काय कामाचा?

टॉल्स्टॉयचं उदाहरण घेऊ. 'अ‍ॅना कॅरेनिना' त्याने मार्च १८७३ मध्ये लिहायला घेतली. अगदी सुरुवातीच्या खर्ड्यातली नायिका आज आपल्याला ओळखूही येणार नाही. ती जाडसर, बसक्या कपाळाची, काहीशी सवंग बाई आहे; नवरा बिचारा सालस. लेव्हिनचा तर पत्ताच नाही. कथा सुरू होते ती थेट उमरावांच्या बैठकीतल्या कुजबुजीतून. म्हणजे बघा, नायिका समोर येते तीच आरोपी म्हणून. निकाल आधी, साक्षीपुरावे मागून!

१८७४ मध्ये पुस्तकाची छपाई सुरू झाली होती, ती टॉल्स्टॉयने थांबवली. मासिकातून कादंबरी येऊ लागली ती जानेवारी १८७५ पासून. आता ती सुरू होते ऑब्लॉन्स्कीच्या घरातल्या भांडणापासून. तिथे नवऱ्याने बाहेरख्यालीपणा केलाय, आणि त्याचं फारसं काही बिघडत नाही. अ‍ॅना दिसते पहिल्या भागाच्या अठराव्या प्रकरणात, आणि येते ती हे मोडकं घर सांधायला. पुढे जो समाज तिला वाळीत टाकतो, त्याचं दुटप्पी माप वाचकाला आधीच कळलेलं असतं. नुसत्या मांडणीने केवढा न्याय झाला!

मग टॉल्स्टॉयने फक्त बाजू बदलली का? अ‍ॅना देवी आणि कॅरेनिन राक्षस, असं? तसंही नाही. बाळंतपणानंतर ती मरणाच्या दारात असताना हाच रुक्ष कॅरेनिन तिला मनापासून क्षमा करतो, आणि आपल्याला त्याच्यावरचा राग धरून ठेवता येत नाही.

आपल्या दर्शनांत याला जुना शब्द आहे, पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच ताकदीने मांडायचं, मग सिद्धान्ताकडे वळायचं. आमच्या मते आत्मसंपादनाची खरी कसोटी तीच. ज्या पात्राचा आपल्याला सर्वांत जास्त राग येतो, त्याची पानं वेगळी काढावीत आणि त्याच्या वकिलासारखी वाचावीत. कुठे त्याला बोलूच दिलं नाही, कुठे विशेषण लावून मोकळे झालो, ते लगेच दिसतं.

टॉल्स्टॉयलाही हे शेवटपर्यंत साधलं असं आम्हाला वाटत नाही. आठव्या भागात अ‍ॅना संपलेली आहे आणि लेव्हिनला जगण्याचा अर्थ गवसतो. त्याच्या या नव्या श्रद्धेला उलट प्रश्न विचारणारं कुणी नाही. तो ती बायकोलाही सांगत नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या आमच्यासारख्यांना ती पानं गोड लागतात, म्हणूनच त्यांच्याकडे जास्त संशयाने पाहायला हवं. लेखकाचं लाडकं पात्रच संपादनातून सर्वांत सहज निसटतं.

तेव्हा हस्तलिखित प्रकाशकाकडे धाडण्याआधी एवढंच विचारू: या कादंबरीत असं कोण आहे, ज्याचं म्हणणं आपण ऐकूनच घेतलं नाही? ते सापडलं, तर पुस्तक सहा महिने उशिरा आलं तरी चालेल.