सरमिसळ बोली आणि स्वतंत्र चित्रपट

मोठ्या निर्मितिसंस्थांच्या भांडवलाशिवाय आणि नामांकित ताऱ्यांच्या आधाराशिवाय, दिग्दर्शकाच्या दृष्टीला प्रमाण मानून घडलेल्या चित्रपटाला स्वतंत्र चित्रपट म्हणतात. गेल्या दशक-दीड दशकात मराठी आणि कन्नडमधील अशा चित्रपटांनी केलेले सर्वांत मोलाचे काम म्हणजे गावाची बोली त्यांनी प्रमाणभाषेच्या साच्यात घातली नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चे (२०१३) शीर्षकच कैकाडी बोलीतले आहे. राम रेड्डी यांच्या 'तिथी'ने (२०१५) मंड्य भागातील ग्रामस्थांनाच, म्हणजे अभिनयाचा पेशा नसलेल्या माणसांना, पडद्यावर आणले आणि लोकार्नो चित्रपट महोत्सवात 'फिल्ममेकर्स ऑफ द प्रेझेंट' विभागाचा सुवर्ण बिबट्या हा पुरस्कार मिळवला. जयशंकर आर्यर यांचा 'शिवम्मा' (२०२२) कोप्पळ जिल्ह्यातल्या एका गावात घडतो. आजारी पतीसाठी साखळी-विक्रीच्या पेयात पैसा गुंतवणाऱ्या शाळेतील स्वयंपाकिणीची ही कथा असून तिची कन्नड धारवाडची नाही आणि बेंगळुरूची तर मुळीच नाही.

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातून पाहता या यादीतील उणीव लगेच जाणवते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर औराद, भालकी आणि बसवकल्याणचा परिसर म्हैसूर राज्यात गेला. आजही या पट्ट्यात, तसेच आळंद-अफजलपूरकडे, घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू असा दिवस घालवणारी कुटुंबे आहेत. जुन्या हैदराबाद संस्थानाचा तेलंगणी भाग चित्रपटात फार पूर्वी आला: श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) दखनी बोलली गेली, तर गौतम घोष यांच्या 'मा भूमी'मध्ये (१९७९) तेलंगणाचा शेतकरी लढा आला. संस्थानाच्या मराठी-कन्नड सरमिसळीला मात्र त्या तोलाचा चित्रपट लाभलेला नाही.

ही सरमिसळ केवळ स्थानिक रंग भरण्यापुरती नसते, ती सत्तेचे स्वरूप उघड करते, हे दोन चित्रपटांवरून स्पष्ट होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) एका लोकशाहिरावरील खटल्याची कथा मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांतून उलगडते. कॅमेरा दूर आणि बहुधा स्थिर राहत असल्यामुळे कोणाची भाषा कागदावर नोंदली जाते आणि कोणाची हवेत विरते, हे प्रेक्षकाला न सांगता कळत जाते. ग्वाटेमालाच्या हायरो बुस्तामांते यांचा 'इश्कानुल' (२०१५) याहून कठोर आहे. काक्चिकेल ही माया भाषा बोलणारे कुटुंब शहरातील रुग्णालयात पोचते. तेथे स्पॅनिश न येणाऱ्या आईबापांच्या आणि मुलीच्या वतीने बोलणारा दुभाष्या अर्थ फिरवतो, आणि न वाचता येणाऱ्या कागदावर त्यांची संमती घेतली जाते. ज्या घरात तहसीलचा कागद शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा लागला आहे, त्या घरातील प्रेक्षकाला या प्रसंगाचे स्पष्टीकरण लागणार नाही. सीमाभागाच्या चित्रपटाचे कथानक नेमके येथे दडलेले आहे आणि ते सीमाप्रश्नाच्या आंदोलनातील घोषणांत शोधण्याची गरज नाही.

प्रेक्षक तयार नाही, हा आक्षेप टिकत नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात संत माणिकप्रभूंची (१८१७–१८६५) मराठी, कन्नड आणि हिंदी पदे एकाच परंपरेत गायिली जातात आणि हिंदुस्थानी संगीताची बैठक तेथे जुनी आहे. अशा श्रोत्याला ताम्हाणे यांच्याच 'द डिसायपल'मधील (२०२०) गायकाची साधना आणि घुसमट महानगरी प्रेक्षकापेक्षा अधिक जवळची वाटू शकते. अडचण आहे ती मध्यस्थ व्यवस्थेची. अनुदान आणि वितरण यांची घडी एकेका भाषेच्या नावावर बसलेली असल्यामुळे दोन भाषांत समसमान चालणारी कथा कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. शिवाय उपशीर्षके, म्हणजे पडद्याच्या तळाशी येणारा अनुवाद, बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत असतात, आणि त्या एका सपाट ओळीत पात्राने भाषा कुठे बदलली याचा मागमूस उरत नाही. महोत्सवातील परीक्षकांचे तेवढ्यावर भागत असेल, पण भालकीच्या प्रेक्षकाचे भागत नाही. 'शिवम्मा'ला मराठी आणि रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला (२०२५) कन्नड उपशीर्षके देऊन ते औराद किंवा आळंदच्या महाविद्यालयीन सभागृहात दाखवणे हे चित्रपटनिर्मितीच्या तुलनेत अल्प खर्चाचे काम आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चित्रपट संस्थांपैकी कोणालाही करता येईल.