फायटर मारतो किती, की अडवतो किती?

कोल्हापुरात वाट अडवण्याचा विषय निघाला की पावनखिंड आठवतेच. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून निघालेल्या महाराजांना विशाळगड गाठता यावा, म्हणून बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले. त्यांनी किती मारले, हे आपण विचारत नाही. महाराज पोचले का, एवढंच विचारतो.

मग 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना फायटरचं मोल फक्त डॅमेजवर का ठरवतो? माझ्या मते खोट नियमांतच आहे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एक साधा प्रयोग करून बघा. मोकळ्या मैदानात फायटर, त्याच्या मागे विझर्ड, समोरून चार ऑर्क. फायटरला एका फेरीत रिअ‍ॅक्शन एकच. म्हणजे बाजूने पळणाऱ्या एकावरच वार. तो ऑर्कही जगला तर न थांबता पुढे जातो. आता एकच गोष्ट बदला: पाच फूट रुंदीची खिंड. फायटरच्या जागेतून ऑर्कना जाता येत नाही, चौघेही अडकले! पण फायटर तर तोच आहे. अडवलं भिंतींनी.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत फायटरला प्रत्येक शत्रूच्या पाळीत वेगळा वार मिळायचा, आणि वार लागला की शत्रू जागीच थांबायचा. त्या आवृत्तीला लोकांनी बरीच नावं ठेवली, पण फायटरचं काम तिला कळलं होतं. पाचवीत 'सेंटिनेल' फीट घेऊन थांबवता येतं, तेही फेरीला एकालाच.

तुम्ही डीएम असाल तर नकाशात एखादी खिंड ठेवाच. आणि लढाई संपल्यावर डॅमेज मोजण्याआधी विचारा: मागचे पोचले का?