पदवी आणि गाणं : ‘बाजूला’ म्हणजे नेमकं कुठे?



आजचा विषय वरवर साधा आहे. एखादा मुलगा किंवा मुलगी विज्ञान, वाणिज्य, कायदा, वैद्यक असं काहीतरी शिकत असते आणि त्याच वर्षांत गात असते, वाजवत असते. पदवी संगीताची नाही, पण संगीत चालू आहे. याबद्दल आपण समाज म्हणून जे बोलतो ते विचाराला टिकतं का, हे आज तपासायचं आहे. कौतुक पुष्कळ होतं, तपासणी कमी होते.

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात दोन वाक्यं ऐकायला मिळतात. पहिलं असं : “आधी डिग्री पदरात पाडून घे, मग काय गायचं ते गा.” दुसरं जरा शिकलेल्या घरातलं : “गाण्यानं एकाग्रता वाढते, मार्क चांगले पडतात, गाऊ द्या त्याला.” पहिलं वाक्य गाण्याच्या विरोधात आणि दुसरं बाजूनं आहे असं आपल्याला वाटतं. पण नीट बघा, दोन्ही वाक्यांचं गृहीतक एकच आहे. गाण्याला स्वतःचं मोल नाही, ते एकतर अडथळा आहे नाहीतर टॉनिक आहे. उद्या कोणी दाखवून दिलं की गाण्यानं मार्क वाढत नाहीत, तर दुसरं वाक्य बोलणारे गृहस्थ मुकाट्यानं पहिल्या वाक्याकडे येतील. म्हणून आम्ही या दुसऱ्या वाक्याला गाण्याचा मित्र मानत नाही.

आता आपल्याच भूमीतलं एक उदाहरण घेऊ. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, राजा सिंघणाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. ‘संगीतरत्नाकर’ हा त्याचा ग्रंथ. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा ज्याला आधार मानतात, असा. पण शार्ङ्गदेवाची नोकरी कसली होती? तो दरबारात श्रीकरणाधिप होता, म्हणजे हिशेब-दप्तराचा प्रमुख. शिवाय वैद्यकही जाणणारा. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला हा माणूस दिवसा राज्याचे जमाखर्च बघत होता आणि त्याच आयुष्यात श्रुती-स्वर, राग, ताल, वाद्यं, नृत्य यांचा सात अध्यायांचा ग्रंथ रचत होता. याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर आपल्या अंबाजोगाईचा, त्याच्या काळचे शिलालेख इथे आहेत. म्हणजे ही गोष्ट काही परक्या मुलखातली नाही.

या ग्रंथात आणखी एक बघण्यासारखं आहे. पहिल्याच अध्यायात नादाची चर्चा करण्याआधी ‘पिंडोत्पत्ती’ असं एक प्रकरण येतं. गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं, याची माहिती तिथे आहे. संगीताच्या ग्रंथात हे कशाला, असं आजचा विद्यार्थी विचारेल. पण आवाज शरीरातून निघतो, म्हणून आधी शरीर समजून घ्या, अशी त्याची मांडणी आहे. ती मांडणी वैद्यक जाणणाराच करू शकतो. दुसरं शास्त्र इथे गाण्याच्या आड आलेलं नाही, ते गाण्याच्या विचारात उतरलेलं आहे.

दुसरं उदाहरण जवळच्या काळातलं. विष्णू नारायण भातखंडे. जन्म १८६०. मुंबईत शिकले, १८८५ साली बी. ए. झाले आणि १८८७ साली कायद्याची पदवी घेतली. या शिक्षणाच्या काळातच ते सतार शिकत होते आणि गायन उत्तेजक मंडळीत गाणं ऐकत, शिकत होते. पुढे काही काळ वकिली केली, मग ती सोडली. देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिली, १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवण्यात पुढाकार घेतला आणि १९२६ साली लखनौचं संगीत महाविद्यालय उभं करण्यात मोठा वाटा उचलला.

भातखंड्यांची पद्धत बघितली की कायद्याचं शिक्षण कुठे दिसतं ते कळतं. साक्ष काढायची, एकच राग चार घराण्यांत कसा गातात ते ताडून बघायचं, ग्रंथ काय म्हणतो आणि गवई काय करतो यातली विसंगती नोंदवायची. हे वकिलाचं डोकं आहे. त्याची मर्यादाही तिथेच आहे. वकिलाला प्रकरण एका कलमात बसवायचं असतं, आणि काही राग कुठल्याच थाटात सरळ बसत नाहीत. ही टीका पुढच्या अभ्यासकांनी केली आणि ती रास्त आहे. म्हणजे दुसऱ्या विषयाची शिस्त गाण्याला धार देते, पण आपला साचाही लादते. हे दोन्ही खरं मानलं तरच भातखंडे समजतात.

आता नेहमीची यादी येते. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायदा शिकल्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केलं आणि जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. संवादिनीवादक अरविंद थत्ते यांची डॉक्टरेट गणितातली. सलील कुलकर्णी डॉक्टर झालेले. व्यासपीठावरून ही नावं घेतली की पालक टाळ्या वाजवतात. “बघा, दोन्ही करता येतं!” असा निष्कर्ष निघतो.

आमचा आक्षेप नावांवर नाही, निष्कर्षावर आहे. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर जे पोहोचले त्यांचीच मोजदाद करून रस्ता सोपा आहे असं म्हणता येत नाही. अश्विनीताईंच्या घरात आई माणिक भिडे होत्या, स्वतः किशोरी आमोणकरांच्या शिष्या. प्रभाताईंना पुण्यात सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्यासारखे गुरू मिळाले. गुरू घरात किंवा त्याच शहरात. मेहनत त्यांचीच, त्यात शंका नाही. पण पाटोद्याच्या किंवा वडवणीच्या मुलीला ही उदाहरणं सांगताना आपण तिला फक्त मेहनतीचा अर्धा भाग सांगतो, गुरूच्या पत्त्याचा अर्धा भाग गाळतो. आणि मग तिचं गाणं सुटलं की म्हणतो, तिची जिद्द कमी पडली.

आपल्याकडचा मुलगा खरं तर कोऱ्या पाटीनं येत नाही. गावात हरिनाम सप्ताह होतो. आठ-दहा वर्षांचं पोर पखवाजावर बसतं, हरिपाठाला टाळ धरतं, काकड्याला सूर लावतं. दहावीपर्यंत गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या चार-दोन परीक्षा दिल्या तर बोर्डाचे वाढीव गुणही मिळतात. मग निकाल लागतो आणि तो लातूरला जातो. लातूर पॅटर्न, ‘नीट’, ‘जेईई’. खोलीत चार मुलं, भिंतीवर वेळापत्रक. पखवाज गावाकडे राहतो. दहावीपर्यंत ज्या कलेनं गुण दिले ती अकरावीला गुण खाणारी ठरते. दोन वर्षं हात थांबतो. सोळा ते अठरा हे हात आणि गळा बसण्याचं वय, आणि नेमकं तेच आपण कापून टाकतो.

मग पदवीचं कॉलेज येतं. तिथे संगीत आहे, नाही असं नाही. युवक महोत्सव आहे, त्यात शास्त्रीय गायन आहे, समूहगीत आहे, पोवाडा, भारूड, लोकवाद्यवृंद आहे. पुढे ‘इंद्रधनुष्य’ आहे. या महोत्सवांनी ग्रामीण मुलांना पहिला माईक दिला, हे मान्यच करायला हवं. पण एका महाविद्यालयात आम्ही वर्षानुवर्षं जे बघितलं ते सांगायला हवं. वाद्यांची खोली वर्षभर कुलूपबंद. किल्ली कार्यालयात. महोत्सवाच्या आधी पंधरा दिवस कुलूप निघायचं, हार्मोनियमचे भाते उंदरांनी खाल्लेले असायचे, तबल्याची शाई उडालेली असायची. बाहेरून एक तयार गायक-वादक मानधनावर आणायचा, पंधरा दिवस घोटून घ्यायचं, ढाल आणायची, फोटो छापायचा, पुन्हा कुलूप. ढाल प्राचार्यांच्या कपाटात आणि मुलाच्या हाती प्रमाणपत्र. यात संगीत कुठे शिकवलं गेलं? दहा-पंधरा मिनिटांत बसेल एवढा राग मुलांना येतो, त्यापुढचा येत नाही. स्पर्धा हे शिक्षणाचं फळ असायला हवं होतं. आपण तेच मूळ समजून बसलो.

इथे तत्त्वज्ञानाची थोडी मदत घेऊ. ॲरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात नेमका हाच प्रश्न विचारला आहे : जो तरुण व्यावसायिक गवई होणार नाही त्यानं स्वतः वाजवायला का शिकावं? ऐकून भागणार नाही का? त्याचं उत्तर मार्मिक आहे. ज्यानं स्वतः कधी केलंच नाही, त्याला नीट पारख करणं अवघड जातं. म्हणून तरुणपणी शिकावं, पुढे वाजवणं सोडलं तरी चालेल, पारख राहते. हे उत्तर आम्हाला फार मोलाचं वाटतं, कारण ते गाण्याला मार्कांपासूनही सोडवतं आणि करिअरपासूनही. अंबाजोगाईत यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात थंडीत बसून जे श्रोते ख्याल ऐकतात, त्यांतल्या कित्येकांनी कधीकाळी चार सरगमी घोटलेल्या असतात. सभा त्या माणसांवर उभी असते.

पण ॲरिस्टॉटल इथेच सोडून चालणार नाही. त्याच्या मते धंदा म्हणून वाजवणं स्वतंत्र नागरिकाला शोभत नाही, ते हलकं काम. हा विचार आपल्याला परका आहे का? अजिबात नाही. आपण तर तो जातीत बांधला. सनई कोणी वाजवायची, हलगी कोणी वाजवायची, संबळ कोणी धरायचं, हे जन्मानं ठरवलं. वाद्य सगळ्यांच्या लग्नात हवं, वाजवणारा मात्र मांडवाच्या बाहेर.

म्हणून ‘छंद’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी सारखा निष्पाप नसतो. ज्या घरात हलगी ही गावकीची सक्ती होती, त्या घरातल्या बापानं मुलाला सांगितलं, शिक आणि हे खाली ठेव. ते बरोबर होतं. सक्तीचं वाद्य नाकारण्याचा हक्क हा आधी मिळायला हवा होता. मग आंबेडकरी जलशांनी पुढचं पाऊल टाकलं. तमाशाचा बाज उचलला, गण-गौळणीच्या जागी नवा विचार आणला, तेच सूर आपल्या कामाला लावले. नामांतराच्या चळवळीत मराठवाड्यातली किती तरी मुलं पदवीचा अभ्यास करता करता गाणी गात होती, डफावर थाप मारत होती. त्यांच्या गुणपत्रिकेवर संगीत नव्हतं. पण विद्यापीठातल्या संगीताचा इतिहास लिहायचा तर या गाण्यांना बाहेर ठेवून तो लिहिता येणार नाही. वाद्य नाकारायचं स्वातंत्र्य आणि तेच वाद्य स्वतःच्या इच्छेनं पुन्हा उचलायचं स्वातंत्र्य, ही दोन्ही शिक्षणानं दिली पाहिजेत. आज आपण पहिलं देतो आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवतो.

आता नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आहे, २०२० चं. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्यांनाही परवानगी दिली आहे. पदवीच्या रचनेत सहशैक्षणिक उपक्रमांना क्रेडिट आहेत. कागदावर दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण क्रेडिट म्हणजे काय, याचा विचार व्हायला हवा. क्रेडिट तासांवर मोजतात. गळा तासांवर मोजता येतो का? शिक्षक नाही, खोली नाही, तानपुरा नाही आणि दोन क्रेडिट आहेत, असं झालं तर मुलं एक उपस्थिती-पत्रक गातील आणि आपण त्याला संगीत म्हणू. ज्या गोष्टीला मोल नव्हतं तिला आता किंमत लागली, एवढाच फरक पडेल. मोल आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग करायचं काय? नुसती टीका करून उठणं बरं नाही. आमच्या मते चार साध्या गोष्टी हव्यात. एक, वाद्यांच्या खोलीची किल्ली मुलांच्या हाती द्या, रोज संध्याकाळी दोन तास ती खोली उघडी राहू द्या. दोन, आठवड्यातून दोनदा येणारा एक चांगला शिक्षक वर्षभर ठेवा, पंधरा दिवसांचा पाहुणा नको. तालुक्याच्या गावात विशारद झालेली माणसं असतात, सप्ताहात पिढ्यान्‌पिढ्या पखवाज वाजवणारे असतात, हलगीचे उस्ताद असतात. त्यांना पदवी विचारू नका, हात बघा. तीन, महिन्यातून एक बैठक घ्या, जिथे परीक्षक नाहीत, ढाल नाही, वेळेची घंटा नाही. भौतिकशास्त्राच्या मुलानं चुकत-माकत यमन गायला आणि कृषीच्या मुलीनं ठेका धरला, तरी चालेल. चार, आणि हे पालकांसाठी, अकरावी-बारावीत रोजचा अर्धा तास कापू नका. तो अर्धा तास वाचवून डॉक्टर होता येत नाही आणि तो दिल्यानं डॉक्टर व्हायचं राहतही नाही.

‘पदवीच्या बाजूला संगीत’ असं आपण म्हणतो, तेव्हा मध्यभागी कोण आणि कडेला कोण हे आधीच ठरवून टाकतो. शार्ङ्गदेवाच्या काळी हिशेबाची वही आणि संगीताची पोथी एकाच माणसाच्या दप्तरात होती. त्यांतली वही आज कुठेच नाही, पोथी आठशे वर्षं टिकली. म्हणून वही लिहू नये असं आम्ही म्हणत नाही. पोट वहीवरच चालतं, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांनी पोराला पदवीसाठी धाडलेलं असतं, याचं भान आम्हालाही आहे. पण त्या पोराच्या हातातला पखवाज काढून घेताना आपण म्हणतो की हे त्याच्याच भल्यासाठी. त्याचं भलं म्हणजे काय, हे त्याच्यासोबत बसून ठरवायला हवं.