जाळ्यामागचा चौक

जिव्या सोमा मशे यांनी मासेमारीच्या जाळ्याची चित्रे अनेकदा काढली. त्यांतले एक मुंबईच्या एका कलादालनात पाहिले आणि प्रदर्शन संपेपर्यंत चार-पाच वेळा केवळ त्याच्यासाठी गेलो. शेणाने सारवलेले कापड, त्यावर पांढरा रंग आणि जवळजवळ सगळी जागा व्यापणारे एक जाळे. जवळून पाहिले की हजारो बारीक रेघा दिसतात. दूर गेले की त्याच रेघांचा वारा भरलेल्या शिडासारखा फुगवटा होतो. कडेला बोटाच्या पेराएवढी माणसे. चित्राशेजारच्या पाटीवर मजकूर होता तो असा की, हजारो वर्षांच्या आदिवासी परंपरेतील हे निसर्गाचे व आनंदाचे दर्शन आहे. पाटी वाचून मला चित्राविषयी काहीच कळले नाही. डहाणू-तलासरीच्या इतिहासाचा शोध मी घेऊ लागलो तो त्यामुळे. पाटीवरचे तीन शब्द, हजारो वर्षे, परंपरा आणि आनंद, एकेक करून तपासावेत असा या लेखाचा बेत आहे.

पहिला शब्द कालाचा. वारली चित्रांतील दोन त्रिकोणांचा माणूस भीमबेटकाच्या शैलचित्रांतील आकृत्यांशी जुळतो, हे अनेकांनी नोंदवले आहे. परंतु साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. कुडाच्या भिंतीवरचे तांदळाच्या पिठाचे चित्र पुढच्या सारवणापर्यंत टिकते. लग्न झाले, पावसाळा गेला, भिंत पुन्हा सारवली की चित्र संपले. जुन्या भिंतीच उरत नसल्याने परंपरेचे वय भिंतीवरून सांगता येत नाही. जे निश्चित सांगता येते ते अलीकडचे आहे. मशे यांचा जन्म १९३४ च्या सुमारास तलासरी तालुक्यातील धामणगावचा. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यात राहिले. आई लहानपणीच गेली, मुलाने बोलणे टाकले आणि तो मातीत रेघोट्या ओढून सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन या पाड्यांत आले. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये मशे यांचे प्रदर्शन झाले, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांचे काम लागले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले. मी पाहिलेले जाळे या पन्नासेक वर्षांतले आहे. ते एका माणसाचे आहे, आणि त्या माणसाला नाव आहे.

दुसरा शब्द परंपरेचा. परंपरा असली तर ती कोणाची? वारली लग्नात घरातल्या भिंतीवर चौक काढल्याशिवाय विधी पुरा होत नाही. तो काढतात सवाशिणी. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, आणि सभोवती नक्षीच्या पट्ट्या. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते आणि लग्न लावते. म्हणजे रेघ आणि शब्द दोन्ही बायकांकडे. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर पिठाची रेघ ओढायची, हे हस्तकौशल्य त्यांचे.

कागद आल्यावर मात्र बाहेर नाव झाले ते बहुतांशी पुरुषांचे. हे अपरिहार्य होते काय? तुलनेला मिथिला आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी याच भास्कर कुलकर्णींना मधुबनीकडे धाडले होते. तिथेही भिंतीवर चित्र काढणाऱ्या बायकाच होत्या, आणि तिथे कागदावर नाव झाले तेही बायकांचेच. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी या तिघींना पुढे पद्मश्री मिळाली. माणूस तोच, कागद तसाच, पण फळ वेगळे. डहाणूत चौक विधीत राहिला आणि विधीबाहेरचे चित्र पुरुषाच्या हाती वाढले. यात मशे यांचे कर्तृत्व उणे होत नाही. देवीच्या चौकटीतून बाहेर पडून धावणारी, नांगरणारी, नाचणारी माणसे त्यांनी मोकळ्या पृष्ठभागावर सोडली, हे काम त्यांचेच आहे.

तरीही जाळ्याकडे पुन्हा पाहावे. चौकात मधली देवी स्थिर असते, आणि सगळा उद्योग कडेच्या पट्ट्यांत चाललेला असतो. एकच छोटी खूण, न कंटाळता, शेजारी शेजारी, शेकडो वेळा. मशे यांच्या जाळ्यात नेमकी तीच खूण कड सोडून आत आली आहे आणि तिने सारे चित्र व्यापले आहे. मध्य नाहीसा झाला, किनार उरली आणि तिलाच श्वास फुटला. माझ्या मते या चित्राची ताकद इथे आहे, आणि तिचे मूळ सवाशिणींच्या हातात आहे.

तिसरा शब्द आनंदाचा, आणि तो सर्वांत अवघड. वारली चित्र म्हटले की लग्नाची वरात आणि तारप्याचा नाच डोळ्यांपुढे येतो. पण या तालुक्यांत लग्न ही नुसती आनंदाची गोष्ट नव्हती. लग्नासाठी सावकाराकडून काढलेले कर्ज फेडायला नवराबायको दोघेही त्याच्या घरी राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. त्याखेरीज जमीनदाराची वेठ होतीच. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने हे मराठी वाचकांपुढे ठेवले. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २३ मे १९४५ रोजी झरी गावी आदिवासींची मोठी सभा झाली आणि वेठ व लग्नगडी संपवण्याचा निर्धार झाला. गवत कापणीच्या मजुरीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. तेव्हा मशे अकरा वर्षांच्या आसपासचे असणार.

म्हणजे ज्या भिंतीवर पालघट उमटत असे, त्याच लग्नाने त्या घराला गुलामीत लोटले जाई. हे कळल्यावर चौकाकडे नुसते शोभेचे म्हणून पाहता येत नाही. मी जाळ्याच्या चित्राला बंडाचे रूपक म्हणत नाही. चित्रकारावर असा अर्थ लादणे पाटीइतकेच चुकीचे ठरेल. एक निरीक्षण मात्र नोंदवतो. मी पाहिलेल्या मशे यांच्या चित्रांत माणसे सतत कामात असतात. लावणी करतात, झोडपतात, लाकूड वाहतात, जाळे ओढतात. या साऱ्या श्रमांत मालक कुठेच नाही. हिशेब मांडणारा नाही, छडी घेऊन उभा असलेला नाही. जाळे ज्यांच्या हातात, मासेही त्यांचेच. ज्यांच्या आधीच्या पिढीने वेठ भोगली त्या समाजातला चित्रकार मालकाशिवायचे श्रम इतक्या बारकाईने काढतो, तेव्हा तो आनंद निरागस राहत नाही. तो कमावलेला असतो.

आज ही चित्रे साड्यांवर, कपांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर आहेत. कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मानांकन प्रदेशाचे नाव राखते, पण कोणाची रेघ आणि कोणाचे श्रम ते सांगत नाही. ते सांगणे दालनांचे आणि समीक्षकांचे काम आहे. चित्रकाराचे नाव व गाव, त्याची रेघ ज्या बायकांच्या चौकातून आली त्यांचा उल्लेख, आणि त्या गावाच्या कष्टांचा एक सन. एवढे तीन ओळींत मावते. ‘हजारो वर्षांची परंपरा’ लिहायलाही तेवढीच जागा लागते.